समुद्र कुठल्या हाताला

11 जानेवारी 2025, शनिवार. पोर्ट ब्लेअर

सव्वापाच वाजले आणि दिवस मावळला. हे घड्याळाकडं बघतात, मग आभाळाकडं, मग पुन्हा घड्याळाकडं. नाशकात आत्ता गोदाकाठी भेळवाल्यांच्या गाड्या लागत असतील, उन्हं अजून काळाराम मंदिराच्या कळसावर असतील. घड्याळ दोन्हीकडं एकच, पण नाशिकपासून हे बेट एकोणीस अंश पूर्वेला. सूर्य सव्वा तास आधी येतो आणि तितकाच आधी जातो. यांना ते हिशेबानं पटलं, तरी अंगवळणी पडायचं नाही. ज्या माणसानं जन्मभर पहाटेची पहिली गाडी काढली त्याला साडेपाचलाच खोलीभर उजेड येणं म्हणजे ड्युटी चुकल्याची धास्ती.

शहराचं नाव गेल्या सप्टेंबरात श्री विजयपुरम झालंय. रिक्षावाला पोर्ट ब्लेअरच म्हणतो, दुकानांच्या पाट्यांवर दोन्ही आहेत.

उतरल्या उतरल्या सेल्युलर जेल. नाशिकहून आलो म्हटलं की समोरचा माणूस पहिल्यांदा भगूर म्हणतो, हे विमानातच कळलं होतं. शाळेत मी फळ्यावर दरवर्षी हा क्रम लिहीत असे: 1909 चा जून, बाबाराव सावरकरांना कविता छापल्याबद्दल जन्मठेप, त्याच वर्षीचा 21 डिसेंबर, विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळी, 1911 चा जुलै, तात्याराव इथं. मुलं तारखा पाठ करायची आणि परीक्षा झाली की विसरायची. इथं कोठडीत उभं राहून मलाही तारखा आठवल्या नाहीत. दिसली ती बांधणी. चाकाच्या आऱ्यांसारख्या मधल्या मनोऱ्यातून सात रांगा काढलेल्या, आता त्यांतल्या तीनच उभ्या. प्रत्येक रांगेचं तोंड पुढच्या रांगेच्या पाठीकडं. म्हणजे कोठडीच्या गजातून बघणाऱ्याला समोर फक्त भिंत दिसणार, माणूस नाही. बाबाराव आणि तात्याराव एकाच तुरुंगात होते, आणि भाऊ इथंच आहे हे धाकट्याला बऱ्याच दिवसांनी कळलं, ते कसं, याचं उत्तर त्या भिंतीत आहे. कोलूजवळ मराठी गटातल्या बायका एकमेकींचे फोटो काढत होत्या. आम्ही काढला नाही. हे म्हणाले, "चल, उद्या रस्ता बघू."

आलोय खरं तर त्यासाठीच. तीस-पस्तीस वर्षं यांनी कसारा घाट, सप्तशृंगी गड, त्र्यंबक या गाड्या मारल्या. मी शेजारच्या सीटवर बसून यांच्याबरोबर कधी कुठं गेले नाही. ड्रायव्हरच्या बायकोला गाडी दिसते ती डेपोतून सुटताना.

12 जानेवारी, रविवार

भाड्यानं स्कूटर घेतली. हेल्मेटचा पट्टा माझ्या हनुवटीला येईना, तो यांनी सुतळीनं बांधला.

सकाळी वंडूरची वाट. शहर संपतं न संपतं तोच सिप्पीघाट लागला आणि मी गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेला खाडीचं पाणी पसरलेलं, त्यात वाळलेल्या झाडांचे सांगाडे. हे म्हणाले, तळं आहे. तळं नव्हतं. पाण्याखाली सरळ रेषा दिसत होत्या, काटकोनात एकमेकींना मिळणाऱ्या. बांध होते ते. माझं माहेर निफाडचं. कालव्याच्या पाझरानं चोपण झालेलं शेत मी लहानपणी बघितलंय, भावानं त्यात जिप्सम टाकून टाकून हात टेकले. पण तिथं निदान जमीन जागेवर होती. इथं 26 डिसेंबर 2004 ला भूकंपात दक्षिण अंदमानची जमीनच सुमारे मीटरभर खाली बसली. लाट आली आणि गेली, समुद्राची भरती मात्र रोज त्या शेतात येत राहिली. सुनामी म्हणजे लाट, एवढंच आपण टीव्हीवर पाहिलं. लाट ओसरल्यावरही शेत परत मिळत नाही, हे त्या बातम्यांत नव्हतं.

दुपारी चिडियाटापूचा रस्ता. कॉर्बिन्स कोव्हपासून समुद्र डाव्या हाताला लागतो आणि बराच वेळ सोबत राहतो. यांचा पहिला प्रश्न नेहमीचा: "समुद्र कुठल्या हाताला राहणार?" डाव्या हाताला म्हणजे आपल्या बाजूला, कठडा जवळ, नजर जपून. उजव्या हाताला म्हणजे निवांत. ड्रायव्हर लोक निसर्ग असा वाटून घेतात.

किनाऱ्यावर जपान्यांचे बंकर. 1942 च्या मार्चमध्ये त्यांनी ही बेटं घेतली आणि युद्ध संपेपर्यंत सोडली नाहीत. स्थानिक लोकांचे त्या काळात जे हाल झाले त्याबद्दल बंकरवर काही लिहिलेलं नाही. पोरं त्यावर चढून उड्या मारत होती. पुढं एका पाटीवर कालिकत. हे दचकलेच. केरळातल्या मोपला उठावानंतर, 1921 च्या पुढं, हजारो मोपल्यांना इथं शिक्षा म्हणून आणलं, आणि त्यांनी गावांना मागं सोडलेल्या गावांची नावं दिली. कालिकत, मंजेरी, मलप्पुरम, तिरूर. एका स्कूटरवर दीड तासात अख्खा मलबार.

बर्मानालाला समुद्र ओहोटीला दगडांमागं सरकला होता. वळणावळणावर यांची गाडी हळू होई, हॉर्न वाजे. समोरून कुणी येत नसतानाही. "अहो, कुणी नाही समोर." "येईपर्यंत नसतंच कुणी."

चिडियाटापूला आडवे पडलेले प्रचंड बुंधे, त्यांची मुळं माझ्या डोक्याच्या वर. तेही 2004 चे. लोक त्यांवर बसून सूर्यास्ताची वाट बघतात.

13 जानेवारी, सोमवार. हॅवलॉक

आज भोगी. बोटीत तीळ लावलेल्या बाजरीच्या दशम्या काढल्या, घरून आणलेल्या. दोन दिवसांत वातड झाल्या होत्या, चावून दाढा दुखल्या. शेजारच्या बंगाली बाईंनी तुकडा मागून घेतला आणि कौतुकानं खाल्ला, किंवा तसं दाखवलं.

2018 च्या डिसेंबरात या बेटाचं स्वराज द्वीप झालं. हॅवलॉक आणि नील हे दोघंही 1857 मध्ये उठाव चिरडणारे इंग्रज सेनापती. पुढच्याच वर्षी, 1858 च्या मार्चमध्ये, बंडातल्या कैद्यांची पहिली तुकडी पोर्ट ब्लेअरला उतरवली गेली. ज्यांनी हरवलं त्यांच्या नावांच्या बेटांशेजारी हरलेल्यांना आणून टाकलं. नाव बदललं ते बरं झालं, असं मी म्हटलं. हे म्हणाले, "तिकिटावर मात्र कंसात जुनं लिहावंच लागतं."

विजयनगरच्या किनाऱ्यावर मुक्काम. हा पूर्वेचा किनारा. पौर्णिमा असल्यानं मागं सूर्य गेला आणि पुढं पाण्यातून चंद्र वर आला, तांबडा, मोठा, मधे ढगाची एक पट्टी. प्रयागला आज कुंभाचं पहिलं स्नान. आमच्याकडं 2027 चा सिंहस्थ आत्तापासूनच रस्ते खणतोय.

14 जानेवारी, मंगळवार. संक्रांत

आयुष्यातली पहिली संक्रांत जिथं पतंग दिसला नाही. येवल्यात आज छपरांवर पाय ठेवायला जागा नसेल.

काळापथ्थरचा रस्ता. गोविंदनगरच्या बाजारातून निघायचं, समुद्र डाव्या हाताला. रस्ता अरुंद, जेमतेम दोन गाड्यांचा, आणि काही ठिकाणी लाटेपासून इतका जवळ की भरतीचे शिंतोडे पायावर येतात. उजवीकडं सुपारी, केळी, भाताची कापलेली खाचरं, एखादं कौलारू घर, अंगणात कोंबड्या. पाणी आधी फिकट हिरवं, मग एकदम रेघ मारल्यासारखं गडद निळं. फोटोत ते खोटं दिसतं. हे दर पाच मिनिटांनी गाडी थांबवत होते, आणि मला वाटलं माझ्यासाठी. नंतर कळलं, मागचं चाक फसफसत होतं.

पंक्चर काढायला एका चहाच्या टपरीवर थांबलो. टपरीवाली माझ्याच वयाची. मी तिळगूळ दिला. ती हसली आणि आत गेली, आली ती वाटीत दोन पाटीसाप्टा घेऊन. तांदळाच्या पिठाचं पातळ धिरडं, आत नारळ आणि गूळ, खजुराचा. तिच्याकडंही आज पौष संक्रांत. तीळ तिच्याकडं नाहीत, खजुराचा गूळ माझ्याकडं नाही. दोघी एकमेकींशी गोड बोलायचं ते हिंदीत बोललो, दोघींचंही हिंदी यथातथा.

तिचे सासरे पूर्व बंगालातून निर्वासित म्हणून आले, पन्नासच्या दशकात. सरकारनं जमीन दिली म्हणजे जंगल दिलं; ते तोडून शेत करायचं काम ज्याचं त्याचं. सासू रात्री रडायची म्हणे, कारण नदी नव्हती. समुद्र होता सगळीकडं, पण धुणं-भांडं, देवाचं पाणी, सगळं ज्या नदीवर केलं ती नाही. मी म्हटलं, आमच्याकडं गोदावरी आहे, पण धुणं आता मशीनमध्ये. ती म्हणाली, तरी आहे ना. त्यावर मला काही बोलता आलं नाही.

पंक्चर काढून झालं. त्याचे पैसे तिच्या पोरानं घेतले, चहाचे आईनं घेतले नाहीत.

15 जानेवारी, बुधवार. नील

हे शहीद द्वीप. गावं लक्ष्मणपूर, भरतपूर, सीतापूर, रामनगर. पंचवटीतल्या माणसाला इथं पत्ता विचारताना संकोच वाटतो. हे मुद्दाम दोनदा विचारत होते, "भैया, लक्ष्मणपूर किधर?" आणि माझ्याकडं बघून नाकावर बोट ठेवत होते.

दुपार कलल्यावर ओहोटी. उघड्या पडलेल्या प्रवाळावरून चालत खडकाच्या नैसर्गिक कमानीपर्यंत गेलो. खळग्यांत अडकलेलं पाणी, त्यात समुद्रकाकडी, निळे छोटे मासे. पाय जपून टाकावे लागतात, आपल्या पायासाठी आणि प्रवाळासाठीही. बेट एवढंसं, भाजीची शेती मात्र टुमदार. वांगी आमच्याकडच्यापेक्षा महाग.

16 जानेवारी, गुरुवार. पुन्हा पोर्ट ब्लेअर

आज भांडण.

यांना ग्रेट अंदमान ट्रंक रोडनं थेट वर डिगलीपूरला जायचंय. मला तो रस्ता नको. जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून तो जातो. 2011 च्या जनगणनेत जारवा चारशेसुद्धा भरले नाहीत. नव्वदीच्या दशकापर्यंत ते बाहेरच्यांना बाणांनी दूर ठेवत; 1996 मध्ये त्यांच्यातला पाय मोडलेला एक मुलगा इथल्या दवाखान्यात आणला, बरा करून परत सोडला, आणि नंतर ते आपणहून बाहेर येऊ लागले. 1999 मध्ये गोवराची साथ आली. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रस्त्याचा तो भाग बंद करा म्हणून सांगितलं. 2012 मध्ये पर्यटकांसमोर नाचायला लावलेल्या जारवा बायकांची चित्रफीत जगभर फिरली. रस्ता आजही चालू. एजंट "बाराटांग डे ट्रिप" विकतो, गुहा दाखवायच्या म्हणून, आणि आवाज खाली करून वर एक वाक्य जोडतो की नशीब असेल तर "ते" दिसतील.

मी म्हटलं, माणसं बघायला तिकीट काढून जायचं नाही.

हे म्हणाले, "रस्ता बंद केला तर वरच्या गावातली बाळंतीण पोर्ट ब्लेअरला कशी आणायची? बोटीनं? पावसाळ्यात?" यांचा सगळा विचार असा गाडीत बसलेल्या माणसापासून सुरू होतो. आमच्याकडं पेठ-सुरगाण्याला रात्रीची एकच गाडी होती तेव्हा ती बंद करायचं ठरलं, तर हेच साहेबांपुढं तावातावानं बोलले होते. मी म्हटलं, सुरगाण्यातले लोक गाडी मागत होते, जारवांनी रस्ता मागितलेला नाही. हे बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "ते खरंय." पण जायचं सोडलं नाही.

अखेर ठरलं ते असं: टॅक्सी नाही, डे ट्रिप नाही. सरकारी बस, वर राहणारे लोक जिनं जातात ती. आणि मी खिडकीला बसणार नाही.

17 जानेवारी, शुक्रवार. रंगत

पहाटे अंधारात निघालो. जिरकाटांगला गाड्यांची रांग, पोलीस, नोंदी. फोटो नाही, थांबणं नाही, ओव्हरटेक नाही, चाळिसाच्या वर वेग नाही. उजाडता उजाडता पहिला ताफा सुटला.

सुमारे पन्नास किलोमीटर. मी पुढच्या सीटवरच्या पोराच्या मांडीवरचं खोकं बघत होते, भोकं पाडलेलं, आत कोंबडीची पिल्लं. त्याची आई झोपलेली. मागं एक म्हातारा डायलिसिसची फाइल प्लास्टिकच्या पिशवीत धरून. दोन कॉलेजच्या मुली मोबाइलला रेंज नाही म्हणून वैतागलेल्या. कुणीही बाहेर बघत नव्हतं. रोज जाणाऱ्याला ते जंगल म्हणजे तास-दीड तासाचा खोळंबा. झाडं इतकी उंच आणि दाट की बसमध्ये दिवे लावल्यागत हिरवा अंधार.

हे पहिल्या सीटवर, ड्रायव्हरच्या मागं. मिडल स्ट्रेटला उतरल्यावर मी विचारलं, "दिसलं का कोणी?"

"रस्ता दिसला."

पुढं विचारलं नाही. यांना विचारून कधी काही कळत नाही, सांगायचं ते हे जेवताना सांगतात.

धक्क्यावर बस बार्जवर चढली. हे तिच्यामागं धावतच गेले. मी या माणसाला नातवंडांच्या मागं असं धावताना पाहिलेलं नाही. ड्रायव्हरनं गाडी इंचाइंचानं पुढं घेतली, एका पोरानं चाकांना लाकडी ठोकळे लावले, हातब्रेक, गिअर पहिल्यात. यांनी ठोकळ्यांवर पायानं दाबून बघितलं. ड्रायव्हर बघतच राहिला, मग समजला. "आप भी लाइन के आदमी?" झालं. खाडी ओलांडेपर्यंत दोघं कठड्याला टेकून. पाण्यात मगरींपासून सावध राहण्याची पाटी, दोन्ही काठांना खारफुटी, आणि हे दोघं क्लच प्लेटवर बोलतायत. त्याचे आजोबा छोटा नागपुरातून जंगलतोडीच्या कामावर आलेले. अशांना इथं सगळे "रांची"च म्हणतात. त्याला आज वर मुक्काम, उद्या पहाटे परत खाली. "मुक्कामी गाडी," हे मला म्हणाले, जणू नात्यातलं कुणी भेटलं.

पुढं हम्फ्री सामुद्रधुनीवर आता पूल आहे. पूर्वी तिथंही गाडी बार्जवर चढवायची. पूल छान, लांबलचक, वारा. यांना बार्ज बंद झाल्याचं वाईट वाटलं असावं.

रात्री जेवताना बोलले. "ड्रायव्हर म्हणतो, आरशात बघायचं नाही अशी सवय लावून घेतलीय. सव्वीस वर्षं रोज जातो. त्याला त्यांच्यातलं कुणी ओळखत नाही, तो कुणाला ओळखत नाही." मग मासळीचा काटा काढत, "मला नाही जमलं असतं. माझ्या लाइनीवरची कुत्रीसुद्धा मला ओळखायची."

18 जानेवारी, शनिवार. मायाबंदर

आजचा रस्ता सगळ्यात देखणा, आणि त्याचं कुणी नाव घेत नाही. रंगतपासून वर आमकुंज, मॉरिस डेरा, धानीनाला. समुद्र उजव्या हाताला, म्हणून हे खूश. आज भाड्याची गाडी, चालवणारा दुसरा, हे शेजारी. पाय मात्र कोरड्या जमिनीवर ब्रेक दाबत होता.

आमकुंजला वाळूत दगडच दगड आणि माणूस एकही नाही. धानीनाल्याला खारफुटीतून लाकडी पूल, तो संपतो तिथं किनारा. इथं कासवं अंडी घालायला येतात. वनखात्याच्या माणसानं जाळीचं कुंपण दाखवलं, आत वाळूत काठ्या, काठ्यांवर तारखा. अंडी कुत्र्यांपासून वाचवून इथं पुरतात, पिल्लं निघाली की पाण्यात सोडतात. हे प्रत्येक तारीख वाकून वाचत होते. "ही पुढच्या महिन्यात सुटणार. वेळापत्रक पक्कं आहे."

मायाबंदरजवळ वेबी नावाचं गाव करेन लोकांचं. 1925 च्या सुमारास ब्रह्मदेशातून आणलेले, तेही जंगलाच्या कामासाठी. पायऱ्या चढून वर लाकडी घरं, खाली डुकरं, चर्च. कैदी, मोपले, रांचीवाले, निर्वासित, करेन. या रस्त्यावर ज्याला विचारावं त्याचा आजा कुणाच्या तरी हुकुमानं आलेला. जारवा मात्र आधीपासून होते, आणि हुकूम त्यांनाही सुटला नाही.

19 जानेवारी, रविवार. डिगलीपूर

चेंगप्पा पुलावरून उत्तर अंदमानात. दक्षिणेत जमीन बसली, तर 2004 मध्ये इकडं काही किनारा वर उचलला गेला आणि प्रवाळ कोरडे पडून मेले. एका माणसाची नारळाची बाग समुद्रापासून लांब गेली, असं चहावाला सांगत होता. सरकारी कागदावर वाढलेली जागा कुणाची, यावर तिथं जोरात वाद चालला होता. दोन बंगाली, एक तमिळ, एक मल्याळी. यांनीही मत दिलं.

परतीचा प्रश्न उरला. बस सोपी: पहाटे निघायचं, पुन्हा ताफा, संध्याकाळी पोर्ट ब्लेअर. मी काही बोलायच्या आत हे म्हणाले, "जहाजाचं बघू." मी विचारलं, का? तर म्हणे, रात्रीचा समुद्र बघायचाय. या माणसाला बोट लागते. हॅवलॉकला जाताना लिंबू चोखत बसला होता.

एरियल बेच्या खिडकीवर रांग. बेटावरच्या लोकांना तिकीट स्वस्त, आम्हाला पूर्ण, आणि ते योग्यच आहे. बाबू म्हणाला जहाज मंगळवारी, हवा बरी असली तर. गुरुवारी आमचं विमान.

"दोन दिवस इथं काय करायचं?" हे.

"सॅडल पीक चढू. अंदमानातलं सगळ्यात उंच शिखर."

"किती?"

"732 मीटर."

"कळसूबाई याच्या दुपटीहून जास्त आहे," हे म्हणाले आणि खिशातून पैसे काढून बाबूपुढं ठेवले, "दोन द्या. खिडकीजवळच्या."

बाबूनं सांगितलं, बंकला खिडकी नसते.